घरबसल्या ज्योतिष सांगायचं काम: हो म्हणण्याआधी

पत्रिका दाखवायला येणाऱ्यांइतकेच आजकाल माझ्याकडे दुसराच प्रश्न घेऊन येणारे लोक असतात. ‘काकू, मोबाईलवर जाहिरात आलीय. टॅरो रीडर पाहिजेत, ज्योतिषी पाहिजेत, घरून काम. खरं असेल का हो?’ विचारणाऱ्या बहुतेक बायका. कुणी मूल लहान म्हणून नोकरी सोडलेली, कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, कुणी निवृत्त शिक्षिका, जिने हौसेने ज्योतिषाच्या परीक्षा दिल्या आहेत. मी सांगलीत घरी पत्रिका बघते आणि संध्याकाळी एका ॲपवरून फोनवर सल्ला देते. तिथे रुजू होण्याआधी काही ठिकाणी बोलणी करून परत फिरले. त्यातून जे कळलं ते सांगते.

हे काम मुळातच खोटं आहे, असं नाही. नोएडामधल्या ॲस्ट्रोटॉक, ॲस्ट्रोसेजसारख्या कंपन्या उघडपणे हा व्यवसाय करतात. ग्राहक वॉलेटमध्ये पैसे भरतो, मिनिटाच्या दराने बोलतो, आणि त्यातला वाटा ज्योतिषाला मिळतो. पण याच नमुन्याची नक्कल करून फसवणारेही भरपूर आहेत. मी दोन गोष्टी बघते: माझे पैसे मला मिळतील का, आणि ते देणाऱ्या माणसाचं काय होईल. पहिल्याचं उत्तर चांगलं आणि दुसऱ्याचं वाईट असेल, तर कागदपत्रं कितीही चोख असोत, मी ते काम खोटंच धरते.

१. काम देणाऱ्याने पैसे मागितले की बोलणं संपलं

नोंदणी फी, ट्रेनिंग किट, आयडी ॲक्टिव्हेशन, परत मिळणारं डिपॉझिट. नावं बदलतात, मागणी तीच. आमच्या गल्लीतल्या एका मुलीकडून आधी ४९९ रुपये घेतले, मग ‘प्रोफाईल वर दिसावी म्हणून’ १,९९९. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘आता सोडलं तर आधीचे बुडतील ना?’ फसवणारा याच वाक्याच्या भरवशावर असतो. आधीचे गेले असं धरायचं आणि पुढचे वाचवायचे. आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, बँकेलाही कळवलं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली, तर ते अडवले जाण्याची शक्यता असते. दोन दिवस लाजेत घालवले की ती जाते.

ज्योतिषाचे वर्ग फी घेतात, ते वेगळं. तिथे आपण विद्यार्थी असतो. शिकवणीची फी आणि नोकरीचं आश्वासन एकाच पावतीवर आलं की मात्र उठून यावं.

२. कंपनीचे नंबर वाचायला शिका

हे अवघड नाही, आणि फुकट आहे. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७, उत्तर प्रदेश ०९. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. कंपनीचा नोंदणी क्रमांक एकवीस अक्षरांचा, आणि त्यात राज्याची दोन अक्षरं आणि स्थापनेचं साल चक्क लिहिलेलं असतं. मला आलेल्या एका पत्रावर वर ‘पंधरा वर्षांची परंपरा’ होती आणि खाली छापलेल्या नंबरात आदल्या वर्षीचं साल. हे दोन्ही नंबर जीएसटीच्या आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतात. तिथलं नाव आणि पत्ता ऑफर लेटरवरच्या नावापत्त्याशी जुळतो का, ते बघायचं. दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर छापणारेही आहेत.

मात्र नंबर जुळला म्हणजे कंपनी अस्तित्वात आहे, एवढंच कळलं. ती सरळ आहे की नाही, हे पुढच्या गोष्टींवरून ठरतं.

३. तुमची परीक्षा कशी घेतात, त्यावरून त्यांची परीक्षा होते

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कळतं ते मुलाखतीत. एका ठिकाणी बाईंनी विचारलं, ‘बोलता गोड येतं का? मग झालं. ज्योतिष येत नसलं तरी चालेल, आम्ही वाक्यं लिहून देऊ.’ पत्रिकेचा एकही प्रश्न नाही. ज्याला माझं ज्ञान नको, त्याला माझा आवाज, माझा फोटो किंवा माझं बँक खातं हवं असतं.

आता मी काम करते तिथे मला दोन जन्मवेळा दिल्या आणि समोर एक ज्येष्ठ ज्योतिषी बसवून वीस-पंचवीस मिनिटं बोलायला लावलं. लग्न, दशा, गोचर हे विचारलंच. मग त्यांनी असे प्रश्न विचारले, की माझा विश्वास तिथेच बसला. ‘समोरच्याने आईच्या मृत्यूची तारीख विचारली तर काय सांगाल? गरोदर बाईने मुलगा की मुलगी विचारलं तर?’ मी म्हटलं, दोन्ही सांगणार नाही. ते म्हणाले, ‘बरोबर. सांगितलं तर आम्ही तुमचा आयडी बंद करतो.’ मुलगा-मुलगी सांगण्याचा प्रश्न तर सरळ कायद्याचा आहे. गर्भलिंग निदानाच्या जाहिरातीवर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, मग तो मार्ग शास्त्रीय असो वा दुसरा कुठला. ज्या कंपनीच्या जाहिरातीत ‘पुत्रप्राप्ती’ ठळक अक्षरात असते, तिथे मुलाखतीलाही जाऊ नये.

काही अर्जांत ‘तुमची अचूकता किती टक्के?’ असा रकाना असतो आणि पुढे ९५ किंवा ९९ आधीच भरलेले असतात. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा करून, त्यातल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवल्या आणि कोणती पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीसुद्धा नाहीत. मी ज्योतिष सांगते आणि हा आकडा माझ्या ग्राहकांपासून लपवत नाही. पत्रिका समोर ठेवून माणूस मोकळेपणी बोलतो, त्याच्या अडचणीची उकल त्यालाच दिसायला लागते, हे मी रोज बघते आणि त्यासाठीच हे काम करते. पण ९९ टक्क्यांवर सही मागणारी कंपनी माझ्याकडून खोटं लिहून घेते. उद्या ग्राहकाने तक्रार केली तर ती सही माझी असेल.

४. नाव आणि चेहरा तुमचाच असला पाहिजे

रात्रपाळीच्या चॅटचं एक काम मला सांगितलं होतं. गिऱ्हाईक इंग्लंड-अमेरिकेतलं, आणि मी एका गोऱ्या बाईच्या फोटोमागे बसून, तिच्या नावाने उत्तरं लिहायची. त्याच फोटोमागे आणखी मुली बसणार, आदल्या दिवशी कोण काय बोललं ते वाचून धागा पुढे न्यायचा. पैसे वेळेवर मिळतात, असं तिथे काम करणारीनेच सांगितलं. मी नाही म्हटलं. समोरची बाई आपल्या घटस्फोटाचं एकाच माणसाला सांगतेय असं समजून बोलत असते, आणि इकडे पाळी बदलत असते.

५. ग्राहकाचे पैसे तुमच्या खात्यात येत असतील तर हात लावू नका

हे मी सगळ्यांना दोनदा सांगते. काही ‘कंपन्या’ म्हणतात, आमचं पेमेंट गेटवे अजून तयार नाही, तोवर तुमच्या यूपीआयवर पैसे घ्या, वीस टक्के ठेवा आणि बाकीचे आम्ही देऊ त्या खात्यात टाका. ऐकायला हे कमिशन वाटतं. प्रत्यक्षात तुमचं खातं चोरीचे पैसे फिरवायला वापरलं जातं. येणारी रक्कम पत्रिकेची असेलच असं नाही, कुणाच्या तरी फसवणुकीची असू शकते. त्या माणसाने तक्रार केली की पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, बँक खातं गोठवते आणि नोटीस दुसऱ्याच राज्यातल्या पोलीस ठाण्याची येते. मिरजेच्या एका ओळखीच्या बाईंचं असंच झालं. नवऱ्याची पेन्शन त्याच खात्यात यायची. महिन्याचं वाणसामान, औषधं, सगळं अडकलं. त्यांनी गुन्हा केला नव्हता, पण तसं दाखवून देण्यातच त्यांची दमछाक झाली.

खऱ्या कंपनीत ग्राहक कंपनीला पैसे देतो, त्यावरचा जीएसटी कंपनी भरते, आणि तुम्हाला ठरलेल्या तारखेला कंपनीच्या खात्यातून पैसे येतात. पॅन आणि बँकेचा तपशील ती मागणारच. आधार द्यायचं तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी. ती सरकारी संकेतस्थळावरून काढता येते. ओटीपी, एटीएम कार्ड, सिमकार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड यातलं काहीही कुठल्याच कामाला लागत नाही.

६. मिनिटाचा हिशेब कागदावर मांडून बघा

जाहिरातीत महिन्याचा आकडा असतो. तो बाजूला ठेवायचा आणि एका मिनिटाचं विचारायचं. समजा ॲपवर तुमचा दर मिनिटाला वीस रुपये दिसतो. त्यातून कंपनीचा वाटा आणि गेटवेचा खर्च गेला की तुमच्या हातात नऊ-दहा उरले, असं धरू. त्यातून टीडीएस. आता तीन तास ऑनलाइन बसलात आणि त्यात प्रत्यक्ष बोलणं झालं चाळीस मिनिटं, तर तीन तासांचे चारशेच्या आत. सुरुवातीच्या दिवसांत नवीन ग्राहकांचे एक रुपयातले किंवा फुकट फोन जास्त येतात. त्यांचे तुम्हाला किती मिळतात ते वेगळं विचारा. फोन हुकला तर दंड आहे का? रेटिंग घसरलं तर दर कमी होतो का? किमान किती तास बसायचं बंधन आहे? ही उत्तरं मेलवर लेखी मागा. फोनवर दिलेली विसरली जातात.

आणखी एक. हे ‘जॉब’ म्हणून सांगतात, पण बहुतेक करार स्वतंत्र व्यावसायिकाचे असतात. पगार नाही, पीएफ नाही, रजा नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार अशा व्याख्या आल्या, एवढी एक वाट आहे. अशा करारात फसवणूक नाही, फक्त घरखर्च पूर्णपणे या कामावर टाकू नये. टीडीएस कापला म्हणतात तो तुमच्या पॅनवर खरंच जमा झालाय का, ते वार्षिक कर विवरणात, ज्याला सगळे अजून २६ एएस म्हणतात, त्यात दिसतं. कापला पण भरला नाही असं दिसलं तर पुढच्या महिन्याची वाट बघत बसू नये.

७. बोलणं लांबवायला शिकवतात का?

अमेरिकेत मिस क्लिओ नावाची एक भविष्यवाली टीव्हीच्या जाहिरातींमुळे घराघरांत पोचली होती. मोफत भविष्य म्हणून फोन करायला लावायचे, आणि मग मिनिटाला ४.९९ डॉलर लागायचे. २००२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यामागच्या कंपन्यांना धरलं. ग्राहकांची ५० कोटी डॉलरची थकबाकी माफ करावी लागली आणि ५० लाख डॉलर दंड भरावा लागला. त्या फोनलाइनवर बोलणारे असंख्य लोक घरून काम करणारेच होते, आज माझ्याकडे विचारायला येतात तसेच.

म्हणून प्रशिक्षणात काय सांगतात ते कान देऊन ऐका. ‘पहिल्या पाच मिनिटांत उत्तर देऊ नका, आधी कुटुंबाची माहिती विचारा,’ असं सांगितलं, तर पुढे तुमची किंमत सल्ल्यावर नाही, मिनिटांवर ठरणार. मी नियम केलाय: प्रश्नाचं उत्तर झालं की ‘अजून काही विचारायचंय का?’ एकदाच म्हणते. नाही म्हटलं की फोन ठेवते. सरासरी मिनिटं कमी भरतात, पण तेच लोक परत येतात.

८. भीती विकायला सांगणारी कंपनी, नोंदणीकृत असली तरी, सोडा

एका ठिकाणी मला चाचणीसाठी त्यांच्या ज्योतिषांच्या ग्रुपमध्ये घेतलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सूचना आली: कालसर्प, पितृदोष, नजर यातला एक दोष सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, दोष सांगितला की पूजेची किंवा खड्याची लिंक पाठवायची, विक्रीवर वेगळं कमिशन. त्याखाली पन्नासएक लोकांचे नमस्काराचे हात. मी त्याच दिवशी बाहेर पडले. पैसे तिथे बहुधा वेळेवर मिळत असावेत.

अशा फोनच्या दुसऱ्या टोकाला काय होतं, ते मी ऐकलंय. जत तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. आधी दुसऱ्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुष्कराज घातला नाही तर मुलीचं लग्न मोडेल. खड्याचे पैसे हप्त्याने देता येतील का, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी विचारलं, लग्न ठरलंय का? ठरलं होतं. मुलाकडच्यांची काही तक्रार आहे का? नव्हती. मग मोडेल कशाने? बाई गप्प. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘त्यांनी सांगितलं तेव्हापासून रात्री झोप नाही बघा.’ मी म्हटलं, खडा घेऊ नका, ते पैसे मुलीच्या हातावर ठेवा. फोन सात मिनिटांत संपला.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे आणि तो प्रत्येक ज्योतिषाने वाचलेला असावा. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्ष संपता संपता जादूटोणाविरोधी कायदा झाला. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले, पाणाडी यांच्या सल्ल्याला त्यात हात लावलेला नाही, म्हणून आमचं काम कायदेशीर आहे. पण भूतपिशाच्चाची धमकी देऊन घबराट पसरवणं, अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून लुबाडणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार, आणि गुन्हा अजामीनपात्र. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कंपनीने लिहून दिलेलं वाक्य तुम्ही तुमच्या तोंडाने बोललात, तर ‘मला तसं सांगितलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. आणि कायदा नसता तरी, कर्ज काढून खडा घ्यायला लावणारी कमाई घरात आणू नये, असं मला मनापासून वाटतं.

९. रात्रीचा फोन कुणावर सोडलाय, ते विचारा

बहुतेक जण हे विचारत नाहीत, म्हणून सांगते. रात्री अकरानंतर येणारे फोन वेगळे असतात. एक मुलगा परीक्षेचं विचारता विचारता म्हणाला, ‘मॅडम, माझ्या पत्रिकेत आयुष्य किती आहे ते बघा, म्हणजे मला ठरवायला बरं.’ मी पत्रिका बाजूला ठेवली. घरी कोण आहे, विचारलं. मोठा भाऊ शेजारच्या खोलीत होता. त्याला उठव, फोन त्याच्या हातात दे, असं मी परत परत म्हणत राहिले. भावाला मी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लिहून घ्यायला लावला. ती सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येतं. भाऊ बोलायला लागल्यावरच मी फोन सोडला.

या सगळ्या वेळात त्याचे पैसे कापले जात होते. दुसऱ्या दिवशी मी कंपनीला लिहिलं, त्यांनी त्याला पूर्ण रक्कम परत केली आणि माझ्या रेटिंगला धक्का लागू दिला नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मुलाखतीत हे विचाराच: असा फोन आला तर मी काय करायचं, मीटर थांबतं का, कुणाला कळवायचं? ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं त्यांनी माणसांचा विचार केलेला असतो. ‘असे फोन येत नाहीत’ म्हणणाऱ्याने एक तर हे काम केलेलं नसतं, नाहीतर तो खोटं बोलत असतो.

१०. सोडण्याची अट आधी वाचा

करारात शेवटच्या पानावर असते. नोटीस किती दिवसांची, थकलेले पैसे कधी मिळणार, दुसऱ्या ॲपवर काम करायला बंदी किती काळ. सोडल्यावर तुमचा फोटो, नाव आणि आवाजाचे नमुने ॲपवरून काढल्याचा मेल मागून घ्या, नाहीतर तुमच्या चेहऱ्यामागे दुसरंच कुणी उत्तरं देत राहू शकतं. ग्राहकांच्या जन्मवेळा, त्यांनी सांगितलेल्या घरच्या गोष्टी, तुमच्या वहीत असतील तर त्या पानांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी ती जाळते. शेवटची रक्कम आणि टीडीएसचा दाखला हातात पडेपर्यंत जुने मेल आणि हिशेबाचे स्क्रीनशॉट फोनमधून काढू नका.